‘क्लीन इंदोर’मधला ‘क्लीन’ कोण?

परवा आमच्या सुदामानगरातल्या शेजारची सातवीतली मुलगी चाचणीचा पेपर घेऊन आली. दहापैकी साडेसहा. रुसवा एकाच प्रश्नावर होता. ‘खालील शब्दांचे पार्ट ऑफ स्पीच लिहा’ असा प्रश्न आणि खाली चार शब्द: राउंड, फास्ट, होम, वॉटर. तिनं ‘राउंड’पुढे ‘नाउन’ लिहिलं होतं, कारण बॅडमिंटनच्या स्पर्धेत ती नुकतीच दुसऱ्या राउंडपर्यंत पोचली होती. त्यावर लाल फुली आणि शेजारी ‘ॲडजेक्टिव्ह’. “आजी, यात सेंटेन्सच नाही आहे, तर समजणार कसं?” (‘नाही आहे’ हे आमचं इंदुरी मराठी. पुण्याच्या पाहुण्यांनी कान टवकारू नयेत.)

मुलीचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. राउंड टेबलमधला राउंड विशेषण, बॅडमिंटनचा राउंड नाम, ‘कम राउंड’मधला क्रियाविशेषण, ‘राउंड द कॉर्नर’मधला शब्दयोगी, आणि गाडीनं वळण घेतलं की ‘द कार राउंडेड द कॉर्नर’ म्हणून चक्क क्रियापद. पाच कामं करणारा एक शब्द. त्याला वाक्यातून उचलून एकटा उभा करायचा आणि विचारायचं, तू कोण? तो काय सांगणार?

बाईंना मी दोष देत नाही. पंचवीस वर्षं मी स्वतः इंग्रजी शिकवलं, आधी हिंदी माध्यमाच्या मुलांना, मग इंग्रजी माध्यमाच्या, आणि असले प्रश्न मीही काढले. काढायला दोन मिनिटं लागतात आणि तपासायला अर्धं. पण सोय आहे म्हणून प्रश्न बरोबर ठरत नाही. माझं मत सरळ आहे: इंग्रजी शब्दाची जात, म्हणजे पार्ट ऑफ स्पीच, ही शब्दकोशातून पाठ करायची गोष्ट नाही, ती वाक्यात ओळखायची गोष्ट आहे, आणि आपल्या शाळा नेमकं उलटं करतात. त्याचा सगळ्यात मोठा फटका मराठी-हिंदीत वाढलेल्या मुलांना बसतो, कारण त्यांच्या भाषेचं यंत्र इंग्रजीच्या यंत्राहून वेगळं चालतं.

आमच्या शहरातलंच उदाहरण घ्या. 2017 पासून ओळीनं सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर पहिलं आलं. भिंतीवर ‘क्लीन इंदोर’ असं रंगवलेलं असेल, तर यातला ‘क्लीन’ कोण? ‘स्वच्छ इंदूर’ असा अर्थ घेतला तर विशेषण. ‘इंदूर स्वच्छ करा’ असा घेतला तर क्रियापद. शाबासकी की हुकूम, हे त्या दोन शब्दांवरून सांगताच येत नाही. मराठीत हा घोटाळा होत नाही. ‘करा’ आलं की हुकूम, नाही आलं की कौतुक. पुढे ‘क्लीन इंदोर इज अवर प्राइड’ असं वाक्य आलं की जीव भांड्यात पडतो, ‘क्लीन’ विशेषण ठरतं. ‘क्लीन इंदोर एव्हरी मॉर्निंग’ आलं की तो झाडूवाल्या दादांचा हुकूम. शब्द तोच. जागा आणि शेजारी बदलले की धंदा बदलला.

याचं कारण इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तीचे प्रत्यय होते, संस्कृतात किंवा मराठीत असतात तसे. ते आधीच झिजू लागले होते, आणि 1066 च्या नॉर्मन विजयानंतरच्या दोन-तीन शतकांत जवळजवळ गळून पडले. प्रत्यय गेले तेव्हा ‘कोणी कोणाला’ हे सांगायचं काम शब्दांच्या क्रमावर येऊन पडलं. मराठीत ‘कुत्रा मांजराला चावला’ म्हणा, ‘मांजराला कुत्रा चावला’ म्हणा किंवा ‘चावला कुत्रा मांजराला’ म्हणा. जोर बदलेल, पण जखम मांजरालाच. इंग्रजीत ‘डॉग’ आणि ‘कॅट’ची अदलाबदल केली की जखम कुत्र्याला. आपलं मूल लहानपणापासून शब्दाच्या शेपटीकडे पाहायला शिकतं: घोडा, घोड्याने, घोड्याला, घोड्यावर. शेपटी पाहिली की कळतं हा काय करतोय. इंग्रजी शब्दाला बहुधा शेपटीच नसते. मग मूल गोंधळतं आणि आपण त्याला आठ व्याख्या पाठ करायला लावतो. वास्तविक एवढंच सांगायला हवं होतं: बाळा, इथे शेपटी नको बघूस, रांग बघ.

आता गंमत म्हणजे शब्द काम बदलतात ही कल्पना मराठी मुलाला नवी नाही. ‘वर ये’ यात ‘वर’ क्रियाविशेषण. ‘टेबलावर’ यात तोच शब्दयोगी अव्यय. मांडवात उभा असलेला वर हे नाम, आणि देवानं दिलेला वर हेही नाम, पण वेगळं. ‘तो मागे बसला’ आणि ‘तो घरामागे बसला’ हा फरक आमच्या आयांनी व्याकरण न शिकताही पाळला. ‘कम इन’ आणि ‘इन द हाउस’ यांत नेमका हाच फरक आहे. ‘शहाण्याला शब्दाचा मार’ या म्हणीत ‘शहाणा’ या विशेषणाला ‘ला’ लागला, म्हणजे ते नाम होऊन बसलं. इंग्रजीत ‘द रिच’, ‘द पुअर’ तेच करतात, फक्त ‘ला’च्या जागी पुढे ‘द’ उभा असतो. घरात इतका माल पडलेला असताना मुलाला परक्या दुकानात उधारीवर पाठवायची ही कुठली रीत?

पण घरातल्या मालाला हात लावायला इंदुरात एक अडचण आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या वाचकांच्या लक्षात येणार नाही. आमच्या मुलांची मराठी घरापुरती. शाळेत हिंदी शिकवतात, इंग्रजी शिकवतात. मराठीचं व्याकरण कुणी शिकवत नाही. त्यामुळे एकाच गोष्टीची तीन नावं त्यांच्या कानांवर वेगवेगळ्या दिशांनी येतात. हिंदीच्या तासाला संज्ञा, इंग्रजीच्या तासाला नाउन, आणि आजी म्हणते नाम. हिंदीत ‘क्रिया’, मराठीत ‘क्रियापद’. हिंदीत संबंधबोधक, मराठीत शब्दयोगी. समुच्चयबोधक आणि उभयान्वयी. विस्मयादिबोधक आणि केवलप्रयोगी. मुलांना वाटतं ही तीन वेगळी शास्त्रं आहेत. एकदा एका हुशार मुलानं मला विचारलं होतं, “मावशी, नाउनला हिंदीत काही म्हणतात का?” तो तेव्हा आठवीत होता आणि हिंदीच्या पेपरात ‘संज्ञा के भेद’ तोंडपाठ लिहून आला होता.

माझ्या मते या तिघांत मराठी नावं सगळ्यात कामाची आहेत, आणि हे मी मराठीच्या अभिमानानं म्हणत नाही. शब्दयोगी: शब्दाला जोडून येतो तो. उभयान्वयी: दोघांचा अन्वय लावतो तो. नावातच कामाचं वर्णन. ‘प्रिपोझिशन’ हे नाव लॅटिनमधलं, त्याचा अर्थ ‘आधी ठेवलेला’ एवढाच. तो जागा सांगतो, काम सांगत नाही. आपला शब्दयोगी नामाच्या पाठीमागे चालतो, इंग्रजीतला पुढे, तरी काम एकच. क्रियापदाची मराठी व्याख्याही पाहा. ‘क्रिया दाखवणारा शब्द’ इतक्यावर ती थांबत नाही. ‘आणि वाक्याचा अर्थ पूर्ण करणारा’ असं पुढे म्हणते. ते पुढचं अर्धं फार मोलाचं आहे. त्याकडे येतेच.

एका बाबतीत मात्र मराठी नाव दगा देतं. ‘शब्दांच्या जाती’ म्हटलं की मनात येते जन्माची जात, जी चिकटली ती चिकटली. शब्दाचं तसं नाही. आपल्या जुन्या वैयाकरणांना हे नीट ठाऊक होतं. पाणिनीच्या व्यवस्थेत नुसता शब्द अजून कच्चा असतो. त्याला विभक्तीचा किंवा क्रियापदाचा प्रत्यय लागला की तो ‘पद’ होतो आणि मगच वाक्यात बसतो. ‘सुप्तिङन्तं पदम्’ हे त्याचं सूत्र. पाणिनीला दोनच प्रकार पुरले. यास्कानं निरुक्तात चार सांगितले: नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग, निपात. दोघांनीही पदांचे प्रकार सांगितले, सुट्या शब्दांचे नव्हेत. आपण ‘पद’ गाळलं आणि ‘शब्द’ आणला. तिथून ती लाल फुली फार दूर नाही.

मग शाळेतल्या या आठ जाती कुठून आल्या? लोकांना वाटतं, वार सात तशा जाती आठ, निसर्गाचाच नियम. तसं काही नाही. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातल्या, अलेक्झांड्रियाच्या परंपरेतल्या दायोनिशियस थ्रॅक्स याच्या नावावर असलेल्या ग्रीक व्याकरणात आठ आहेत, पण आपले आठ नव्हेत. त्यात धातुसाधित ही स्वतंत्र जात होती, आर्टिकल ही स्वतंत्र जात होती, आणि विशेषण नव्हतंच. ते नामातच मोडत होतं, कारण ग्रीकमध्ये ते नामासारखंच चालतं. रोमन पंडितांनी हा साचा उचलला. लॅटिनमध्ये आर्टिकल नाही. मग त्यांनी ते काढलं आणि उद्गारवाचकाला क्रियाविशेषणातून बाहेर काढून स्वतंत्र बसवलं. आकडा पुन्हा आठ. हिशेब जुळवणाऱ्या कारकुनाला शोभेल असंच काम, पण त्यावर शतकानुशतकं गेली. इंग्रजी व्याकरणांत विशेषण नामापासून सरसकट सुटं झालं ते 18व्या शतकात. 1795 मध्ये लिंडली मरे यांचं इंग्रजी व्याकरण निघालं, ते पुढे इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांत घरोघर पोचलं. त्यात आर्टिकल परत आलं आणि जाती नऊ झाल्या.

तोच साचा समुद्र ओलांडून आपल्याकडे आला. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ छापलं ते इंग्रजी व्याकरणाची मांडणी समोर ठेवून. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 चं. त्यांनी पुष्कळ चिकित्सा केली, पण जाती आठ राहिल्या. सागरला जन्मलेल्या कामताप्रसाद गुरूंनी 1920 मध्ये हिंदीचं व्याकरण लिहिलं तेव्हा इंग्रजी धर्तीबरोबर दामल्यांच्या मराठी व्याकरणाचाही त्यांना आधार होता. म्हणजे आमच्या मध्य प्रदेशातल्या शाळेत मूल ‘संज्ञा, सर्वनाम, विशेषण, क्रिया’ घोकतं, तेव्हा ते अलेक्झांड्रिया-रोम-लंडन-मुंबई-जबलपूर अशा मार्गानं आलेली वरात पाहत असतं. हिंदीचे गुरुजी आणि इंग्रजीच्या मॅडम स्टाफरूममध्ये समोरासमोर बसतात, पण आपण एकच गोष्ट शिकवतो हे एकमेकांना सांगत नाहीत.

आणि त्या आठांच्या यादीत आज भोकं आहेत. सीबीएसईच्या दहावीच्या अभ्यासक्रमात ‘डिटरमिनर’ हा घटक आहे, त्यावर गुण आहेत. अ, द, धिस, माय, सम, एव्हरी हे सगळे डिटरमिनर. पण सहावीत पाठ केलेल्या आठ जातींत डिटरमिनर कुठे आहे? कुठेच नाही. सहावीत ‘माय’ सर्वनाम किंवा विशेषण असतो, दहावीत तो अचानक तिसराच कोणी होतो. पालक विचारतात, “मॅडम, हे नववं कुठून आलं?” त्यांना उत्तर द्यायची माझी पद्धत अशी: ‘माय रेड बॅग’ म्हणा. ‘रेड माय बॅग’ म्हणून पाहा. ‘माय द बॅग’ म्हणून पाहा. जमत नाही ना? रांगेत सगळ्यात पुढे एकच खुर्ची आहे, तिथे ‘माय’ बसेल नाहीतर ‘द’ बसेल. खुर्ची एक, म्हणून जात एक. व्याख्या लागलीच नाही.

व्याख्यांचं दुखणं नाम आणि क्रियापद यांपाशी सगळ्यात जास्त. ‘नाउन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग.’ बरं, मग ‘थेफ्ट’ कोण? चोरी ही वस्तू की क्रिया? ‘व्हर्ब इज ॲन ॲक्शन वर्ड.’ मग ‘इज’मध्ये कुठली ॲक्शन? ‘नो’, म्हणजे माहीत असणे, यात कोण हलतं? ‘डिस्ट्रक्शन’मध्ये तर केवढा धुडगूस आहे, तरी ते नाम. मुलं हे विचारतात. सगळीच नाही, पण जी विचारतात तीच पुढे भाषा शिकतात, आणि त्यांनाच आपण ‘एक्सेप्शन आहे’ म्हणून गप्प करतो.

यास्कानं गप्प केलं नव्हतं. आख्यात ‘भावप्रधान’ (घडणं मुख्य) आणि नामं ‘सत्त्वप्रधान’ (वस्तू मुख्य) असं सांगून तो लगेच अवघड प्रश्नाला भिडतो. ‘पचति’, म्हणजे शिजवतो, यात चूल पेटवण्यापासून भांडं उतरवण्यापर्यंतची क्रिया एकामागून एक घडताना दिसते. तीच सगळी क्रिया गोठून एक गोळा झाली की तिला ‘पक्ति’ म्हणतात, आणि ते नाम. म्हणजे क्रिया आहे की वस्तू हा प्रश्नच नाही. बोलणारा तिला वाहती धरतो की थिजलेली, हा प्रश्न आहे. ‘दे डिस्ट्रॉइड द वॉल’ यात भिंत पडताना दिसते. ‘द डिस्ट्रक्शन ऑफ द वॉल’ यात ती पडून झाली, आता तिच्यावर लेख लिहा. सातवीतल्या मुलांना मी हे दूध आणि दही म्हणून सांगते. दही ढवळलं तरी दूध होत नाही एवढाच दाखल्यातला दोष, कारण भाषेत होतं.

क्रियापदाच्या मराठी व्याख्येचं पुढचं अर्धं मोलाचं म्हटलं ते इथेच. ‘वाक्य पूर्ण करतो का?’ हा प्रश्न ‘इज’ला लावा, ‘नो’ला लावा, दोघंही पास. ‘थेफ्ट’ नापास. ॲक्शन शोधत बसावं लागलं नाही.

नामाच्याच पोटातला दुसरा घोळ मोजण्याचा. ‘ॲडव्हाइसेस’, ‘फर्निचर्स’, ‘इन्फर्मेशन्स’ या चुका आपल्याकडे साहेब लोकही करतात. नियम सांगतात की मोजता येतं ते काउंटेबल. मुलगी म्हणते, खुर्च्या-टेबलं मला मोजता येतात की! बरोबर आहे, येतात. इथे आमच्या इंदूरकरांना एक आयतं उत्तर हाताशी आहे. सकाळी घरी आई विचारते, “पोहे खाल्लेस?” पोहे अनेकवचनी. कोपऱ्यावरच्या ठेल्यावर बाबा म्हणतात, “भिया, दो प्लेट पोहा.” पोहा एकवचनी. ताटातला पदार्थ तोच, वर शेव तीच, बाजूला जलेबी तीच. मोजायचं की नाही हे पोह्यांनी ठरवलं नाही, भाषेनं ठरवलं. तसं ‘फर्निचर’ न मोजायचं असं इंग्रजीनं ठरवलं. इतकं सांगितल्यावर मी एकाही इंदुरी मुलाला हा मुद्दा परत सांगितलेला नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळं मनोरंजक आहे, पण याचा उपयोग काय? नाव न कळता बोलता येतंच की. माझं उत्तर तक्त्यातल्या नावांच्या बाजूचं नाही. त्या नावांनी कोणत्या चुका उलगडतात त्याच्या बाजूचं आहे. आपण सर्रास ‘डिस्कस अबाउट’ म्हणतो, कारण मराठीत ‘विषयावर चर्चा करतो’. ‘डिस्कशन’ हे नाम आहे, त्याला पुढच्या नामाशी जोडायला ‘अबाउट’ लागतो. ‘डिस्कस’ हे सकर्मक क्रियापद आहे, ते कर्म थेट घेतं. जात कळली की चूक का झाली ते कळलं. ‘गो टू स्कूल’ बरोबर, मग ‘गो टू होम’ चूक का? कारण तिथे ‘होम’ क्रियाविशेषणाचं काम करतं, आपल्या ‘घरी’सारखं. ‘घरी जा’ला आपण वेगळा ‘ला’ लावतो का? ‘शी सिंग्ज गुड’ चूक, कारण ‘गुड’ नामाकडे पाहतं आणि इथे पाहायचंय क्रियापदाकडे. ‘ही वर्क्स हार्ड’ आणि ‘ही हार्डली वर्क्स’ यांत नोकरी टिकण्याचा आणि जाण्याचा फरक आहे.

आणि उच्चार! ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ‘परमिट’, ‘ऑब्जेक्ट’, ‘प्रेझेंट’ यांचं तेच. मराठीत आघातानं शब्दाचं काम बदलत नाही, त्यामुळे आपला कान तो फरक टिपतच नाही. स्पोकन इंग्लिशच्या नावानं हजारो रुपये घेणाऱ्या जागी हे सांगतात का, मला शंका आहे.

तिथला युक्तिवाद नेहमीचा: बाळाला आई व्याकरण शिकवते का? नाही शिकवत. पण बाळाच्या कानांवर दिवसभर, वर्षानुवर्षं तीच भाषा पडते, आणि चूक झाली तर भूक भागत नाही. इंदुरातल्या मुलाला घरी मराठी, गल्लीत हिंदी, आणि इंग्रजी शाळेतल्या एका तासाला. त्या तासाभरात आईची पद्धत चालवणं म्हणजे विहिरीचं काम तांब्यावर उरकणं. जिथे भाषा चहूबाजूंनी वाहत नाही, तिथे थोडं ओढून काढावंच लागतं, आणि व्याकरण हा रहाट आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. 2004 मध्ये यॉर्क विद्यापीठातल्या अभ्यासगटानं उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला आणि वाक्यरचनेचं व्याकरण शिकवल्यानं मुलांचं लेखन सुधारतं असा पुरावा फारसा सापडत नाही असं मांडलं. हे मी मानते. पण तो प्रश्न प्रामुख्यानं इंग्रजी मुलखातल्या शाळांचा होता. ‘रेड माय बॅग’ चूक आहे हे त्या मुलांना पाळण्यात असल्यापासून ठाऊक. त्यांना त्याचं नाव सांगून लेखन सुधारेल कशाला? आमच्या मुलाला ते ठाऊकच नसतं. एकाला रस्ता माहीत आहे आणि आपण त्याला नकाशा देतोय; दुसरा स्टेशनवर उतरलाय आणि त्याला राजवाडा कुठे तेही माहीत नाही. दोघांना नकाशाचा उपयोग सारखा कसा असेल? तरी त्या आढाव्यातून एक गोष्ट आपल्यालाही घ्यावी लागते: नुसतं नावं चिकटवण्याचं काम कुणाच्याच उपयोगी पडत नाही, ना तिथे ना इथे.

एक कबुली द्यायची राहिली. भंवरकुआँच्या कोचिंगवाल्यांना मी वर्षानुवर्षं नाकं मुरडली. लोकसेवा आयोगाची किंवा बँकेची परीक्षा देणारी मुलं तिथे खोलीत कोंबून बसतात आणि फळ्यावर लिहिलेलं असतं: ‘द दिसला की पुढे नाउन शोधो.’ मला ती स्वस्त युक्ती वाटायची. मग कधीतरी चार्ल्स फ्राइज या अमेरिकन भाषातज्ज्ञाचं काम समजलं. टेलिफोनवरच्या खऱ्या संभाषणांचे सुमारे अडीच लाख शब्द गोळा करून, व्याख्या बाजूला ठेवून, त्यानं 1952 मध्ये इंग्रजीची मांडणी केली. ‘द अमुक वॉज गुड’ असा साचा घ्यायचा. ‘अमुक’च्या जागी जे जे बसेल ते एका वर्गातलं. मुख्य वर्ग त्यानं चारच ठेवले, त्यांना नावंही दिली नाहीत, नुसते आकडे. उरलेल्या जोडकाम करणाऱ्या शब्दांचे पंधरा गट. म्हणजे भंवरकुआँचे सर नकळत फ्राइजच्या वाटेवर होते, आणि मी, दोन पदव्या घेऊन, अलेक्झांड्रियात अडकले होते. फरक इतकाच की ते सर पुढे का ते सांगत नाहीत. साचा कुठे मोडतो हेही सांगत नाहीत. ‘व्हेरी’ लावून विशेषण ओळखायचं म्हटलं तर ‘व्हेरी ॲन्युअल’ बसत नाही, तरी ‘ॲन्युअल’ विशेषणच. ‘लव्हली’, ‘फ्रेंडली’ यांना शेवटी ‘ली’ आहे म्हणून ती क्रियाविशेषणं होत नाहीत. साचा हा टॉर्च आहे, सूर्य नव्हे.

तर मग शाळेनं काय करावं? फार थोडं. वाक्याशिवाय शब्दाची जात विचारणं बंद करावं, आजपासून. यासाठी ना नवं पुस्तक लागतं ना परिपत्रक. हिंदी आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी वर्षाच्या सुरुवातीला एक तास एकत्र बसून नावांची जोडपट्टी करावी, आणि वर्गात मराठी, गुजराती, सिंधी घरांतली मुलं असतील तर त्यांच्या घरचे दाखले मागावेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये मातृभाषेवर पुष्कळ सांगितलंय. त्याचा अर्थ इंग्रजीच्या तासाला मराठी बोललेलं चालतं असा काढायला कुणी मना केलेली नाही. व्याख्या आठवीनंतर यावी, तोवर मुलांनी शब्द हलवून, बदलून, खुर्चीवरून उठवून पाहावेत. आणि पेपर तपासताना ‘दुसरं उत्तरही बरोबर असू शकतं’ एवढी जागा लाल पेनात ठेवावी. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, मला ठाऊक आहे. साठ पेपर, रात्रीचे अकरा, आणि उद्या मार्क चढवायचे असतात.

पालकांनाही दोन शब्द, कारण असल्या प्रश्नांना खतपाणी तेच घालतात. ‘आमच्या सोनूला आठही पार्ट्स ऑफ स्पीच येतात’ असं पाहुण्यांसमोर वदवून घेणं थांबवा. त्याला पाढे म्हणायला लावा, त्यात निदान उत्तर एकच असतं.

ती मुलगी मात्र माझं सगळं ऐकून गप्प बसली नाही. ‘राउंड’ची पाच वाक्यं लिहून तिनं शाळेत नेली. मार्क वाढले नाहीत. चाचणी होऊन गेली होती आणि यादी वर गेली होती, असं उत्तर मिळालं. पुढच्या महिन्यात परत तसाच प्रश्न आला, या वेळी शब्द होता ‘लाइट’. तिनं समासात बारीक अक्षरांत तीन वाक्यं लिहिली: दिवा लाव, पिशवी हलकी आहे, उजेड डोळ्यांवर येतोय, आणि प्रत्येकापुढे वेगळी जात. पेपर घेऊन आली तेव्हा हसत होती. अर्धा मार्क मिळाला होता. तिन्हींपैकी कोणत्या वाक्याचा, ते लिहिलेलं नव्हतं.